पेशी डीएनएची प्रत काढायला सुरुवात कशी करते: कागद, पेन्सिल आणि दोन पदरी दोरी घेऊन समजून घेऊया

डीएनएची प्रत कशी निघते हे दाखवणारं पुस्तकातलं चित्र बहुतेक वेळा मधूनच सुरू होतं. पीळ अर्धा उघडलेला असतो, एका पदरावर पॉलिमरेज, म्हणजे नवी अक्षरं जोडत जाणारं प्रथिन, सरळ धावत असतं, दुसऱ्या पदरावर ओकाझाकी तुकडे, म्हणजे नव्या डीएनएचे छोटे तुकडे, जोडले जात असतात. चित्र बरोबरच असतं, पण त्याच्या आधीचं सगळं त्यात नसतं. पीळ उघडला कोणी? नेमका तिथेच का? आणि पेशीनं हे आत्ताच का केलं, तासाभरापूर्वी का नाही? मला या विषयातला सगळ्यात सुंदर भाग हाच वाटतो. विद्यार्थी इथल्या नावांच्या यादीला घाबरून तो पाठ करतात आणि परीक्षेनंतर विसरतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

ही सगळी नावं एका कल्पनेभोवती लावता येतात. प्रत काढणारं यंत्र डीएनएवर चढवणं हे एक काम आणि ते यंत्र सुरू करणं हे दुसरं. आपल्यासारख्या, केंद्रक असलेल्या पेशी ही दोन कामं कधीही एकाच वेळी करत नाहीत. एवढं हाताशी धरून पुढच्या पायऱ्या करून पाहा.

साहित्य थोडंच लागेल. आडवा धरलेला मोठा कागद, पेन्सिल, एक लाल आणि एक पिवळी सुतळी एकमेकींना पीळ देऊन केलेली साधारण दीड मीटर दोरी, आणि बोटानं उघडता येतील अशा दोन कड्या. दोरीची दोन्ही टोकं कशाला तरी घट्ट बांधून ठेवा.

पायरी १: आधी गणित करा

माणसाचं पहिलं गुणसूत्र सुमारे २५ कोटी बेस-जोड्यांचं आहे (बेस म्हणजे डीएनएची ए, टी, जी, सी ही अक्षरं; दोन पदरांतल्या समोरासमोरच्या दोन अक्षरांची एक जोडी). आपल्या पेशीत प्रत काढणारा एक फाटा, म्हणजे पदर सुटत आणि प्रत निघत जाते ती सरकती जागा, मिनिटाला साधारण २,००० जोड्या पुढे सरकतो असं धरू. गुणसूत्राच्या बरोबर मध्यावर एकाच ठिकाणी सुरुवात केली आणि तिथून दोन फाटे दोन दिशांना निघाले, तर मिनिटाला ४,००० जोड्यांची प्रत निघेल. २५ कोटींना ४,००० नं भागा. उत्तर येतं ६२,५०० मिनिटं, म्हणजे ४३ दिवस. प्रत्यक्षात पेशी हे काम साधारण ८ तासांत उरकते.

म्हणजे एकाच वेळी पुष्कळ ठिकाणी सुरुवात करण्यावाचून गत्यंतर नाही. माणसाच्या एका पेशीत एका खेपेला साधारण ३०,००० ते ५०,००० ठिकाणांहून प्रत काढायला सुरुवात होते. अशा प्रत्येक ठिकाणाला ओरिजिन म्हणतात. सस्तन प्राण्यांच्या डीएनएवर अशी अनेक आरंभस्थानं असतात आणि प्रत्येकापासून दोन फाटे दोन दिशांना जातात, हे ह्यूबरमन आणि रिग्ज यांनी १९६८ मध्ये किरणोत्सारी थायमिडीन वापरून दाखवलं.

आता खरी अडचण बघा. हजारो ओरिजिनांमधलं एक जरी त्याच खेपेत दुसऱ्यांदा सुरू झालं, तर तेवढ्या भागाच्या जास्तीच्या प्रती निघतील आणि गुणसूत्र तिथे मोडू शकेल. उलट, एखादा लांब पट्टा प्रत न काढताच राहिला, तर पेशी दुभागताना तो ताणला जाऊन तुटेल. सगळा डीएनए एकदा, आणि फक्त एकदाच. हे वाक्य कागदाच्या वरच्या कडेला लिहून ठेवा. पुढे कुठल्याही प्रथिनाचं नाव आलं की ते या दोनपैकी कुठल्या चुकीपासून वाचवतं, हा प्रश्न विचारायचा.

पायरी २: हात बसवा बॅक्टेरियावर

थेट मानवी पेशीकडे जाऊ नका. ई. कोलायमध्ये गोलाकार गुणसूत्र एकच आणि ओरिजिनही एकच. गुणसूत्राची लांबी ४६ लाख जोड्या, फाट्याचा वेग सेकंदाला सुमारे १,००० जोड्या, फाटे दोन. भागाकार केला की ३८ मिनिटं येतात आणि प्रत्यक्षातला आकडाही ४० मिनिटांच्या आसपासचाच आहे.

या ओरिजिनचं नाव ओरिसी, लांबी साधारण २४५ जोड्या. त्यात दोन प्रकारच्या जागा आहेत. पहिल्या प्रकारच्या जागा ९ अक्षरांच्या; त्यांची नमुना ओळ आहे टीटीएटीसीसीएसीए. डीएनएए नावाचं प्रथिन या ओळी ओळखून तिथे बसतं. शेजारी १३ अक्षरांच्या तीन जागा आहेत, त्यांत ए आणि टी यांचा भरणा असतो. ए-टी जोडीत दोनच हायड्रोजन बंध असतात, जी-सी जोडीत तीन. शिवाय ए-टीच्या जोड्या एकावर एक तितक्या घट्ट रचलेल्या नसतात. त्यामुळे पीळ इथे सगळ्यात लवकर सैल होतो.

एटीपी हा ऊर्जा देणारा रेणू धरलेले डीएनएएचे बरेच रेणू ओरिसीवर गोळा झाले की डीएनए त्यांच्याभोवती वाकतो, त्याचा ताण शेजारच्या कच्च्या भागावर येतो आणि तिथले पदर सुटतात. सुटलेल्या प्रत्येक पदरावर डीएनएबी हे हेलिकेज, म्हणजे पीळ उलगडणारं प्रथिन, बसवलं जातं. ते सहा भागांचं, कडीच्या आकाराचं असतं आणि त्याला तिथे आणून बसवतं डीएनएसी. मग डीएनएजी हे प्रायमेज आरएनएचा छोटा तुकडा लिहितं आणि पॉलिमरेज पुढचं काम हाती घेतं.

क्रम कागदाच्या कोपऱ्यात लिहून ठेवा: आधी पीळ सुटला, नंतर कडी बसली. मानवी पेशीत हा क्रम बरोबर उलटा आहे, हे पुढे दिसेलच.

ओरिसी लगेच दुसऱ्यांदा सुरू का होत नाही? ओरिसीत जीएटीसी ही चार अक्षरं ११ ठिकाणी येतात. एरवी तिथल्या ए वर दोन्ही पदरांत मिथाइलची खूण असते. प्रत निघाली की जुन्या पदरावर खूण असते, नव्यावर ती अजून लागायची असते. अशा अर्धवट खुणेच्या डीएनएला सेकए हे प्रथिन घट्ट धरून बसतं आणि डीएनएएला काही काळ जवळ येऊ देत नाही. त्याच वेळी डीएनएएला चिकटलेलं एटीपी फोडलं जातं, त्यामुळे त्याचा जोरही उतरतो.

इथे क्षणभर थांबण्यासारखी एक गोष्ट आहे. भरपूर अन्न मिळालं तर ई. कोलाय २० मिनिटांत दुभागतं, पण प्रत काढायला ४० मिनिटं लागतात. हे जमतं कसं? पहिली खेप पुरी व्हायच्या आत ओरिसीवरून दुसरी खेप सुरू होते. म्हणजे आज जन्मलेल्या पेशीत जी प्रत निघते आहे, तिची सुरुवात तिच्या आईच्या किंवा आजीच्या पेशीत झालेली असते. कागदावर गोल काढून त्यात फाट्यांच्या आत फाटे रेखाटा. चित्र एकदा हातानं काढलं की पुन्हा विसरत नाही.

पायरी ३: कागदावर दोन रकाने पाडा

आता केंद्रक असलेल्या पेशीकडे या. कागदाच्या मधोमध उभी रेघ मारा. डाव्या रकान्याला नाव द्या ‘चढवणं’, उजव्याला ‘सुरू करणं’. डाव्या रकान्यात पेशी दुभागण्याचा शेवटचा टप्पा आणि जी१, म्हणजे दुभागणीनंतरचा, प्रत सुरू होण्याआधीचा काळ येतो. उजव्यात एस (प्रत काढण्याचा काळ), जी२ (त्यानंतर दुभागणीपर्यंतचा काळ) आणि पुढच्या दुभागणीचा बहुतेक काळ येतो.

दोन्ही रकान्यांच्या वरून एक वक्ररेषा काढा. ती सीडीके या कायनेजच्या, म्हणजे दुसऱ्या प्रथिनांना फॉस्फेट लावणाऱ्या प्रथिनाच्या, जोराची रेषा आहे. डावीकडे ती तळाशी ठेवा, रेघ ओलांडताना वर चढवा आणि उजवीकडे उंचच राहू द्या. जी१ मध्ये एपीसी नावाचं संकुल सीडीकेला जागं करणाऱ्या सायक्लिन प्रथिनांना विल्हेवाटीसाठी पाठवत असतं, म्हणून सीडीके निपचित असतं. रेघ ओलांडली की एपीसी थांबतं आणि सीडीके चढतं.

कडी चढवायची तर सीडीके खाली हवं. कडी सुरू करायची तर सीडीके वर हवं. एकच रेषा एकाच वेळी खाली आणि वर असू शकत नाही. सारी गोम या रेषेत आहे, म्हणून ती ठळक काढा.

पायरी ४: जागा निवडा

ओरिजिनवर सगळ्यात आधी बसतं ओआरसी, सहा भागांचं संकुल. यीस्टमध्ये ते स्टीफन बेल आणि ब्रूस स्टिलमन यांनी १९९२ मध्ये शोधलं. सुरुवातीसाठी डीएनएत एक ठरावीक जागा लागते आणि ती ओळखणारं एक प्रथिन लागतं, ही कल्पना जाकोब, ब्रेनर आणि क्यूझँ यांनी १९६३ मध्येच बॅक्टेरियासाठी मांडली होती. ओआरसी हे त्या ओळखणाऱ्याचं आपल्याकडचं रूप.

बेकरीच्या यीस्टमध्ये ओआरसी ११ अक्षरांची, ए आणि टी यांनी भरलेली एक ओळ ओळखतं. तशा ओळी त्याच्या डीएनएत हजारो ठिकाणी सापडतात, पण प्रत्यक्ष वापरात येणारी ओरिजिनं साधारण ४००. कारण आजूबाजूची जागाही मोकळी लागते. डीएनए ज्यांच्यावर गुंडाळलेला असतो त्या हिस्टोन प्रथिनांच्या गुंडाळ्यांनी ओळ झाकली असेल तर ओआरसी तिथे पोचत नाही. माणसात तर अशी ठरावीक अक्षरओळच नाही. तिथे क्रोमॅटिन, म्हणजे हिस्टोनांवर गुंडाळलेला डीएनए, कुठे उघडं आहे, हिस्टोनांवर कुठल्या खुणा आहेत, यावरून जागा ठरते. म्हणून मानवी ओरिजिन नकाशावर टाचणीनं दाखवता येईल इतकं टोकदार नसतं. बऱ्याचदा तो एक विस्तृत पट्टा असतो आणि त्यातल्या कुठल्याही जागेवरून एखादी पेशी सुरुवात करू शकते.

डाव्या रकान्यात सगळ्यात वर ‘ओआरसी’ लिहा.

पायरी ५: कड्या चढवा

आता दोरी घ्या. एक कडी बोटानं उघडा आणि दोन्ही सुतळ्या तिच्या पोटात येतील अशी दोरीवर चढवून बंद करा. मग दुसरी कडीही तशीच चढवा, पण उलट तोंडानं. दोन्ही कड्या समोरासमोर तोंड करून एकमेकींना चिकटून बसल्या पाहिजेत. तोंड कुठलं हे कळायला कडीच्या एका बाजूला पेन्सिलीनं ठिपका द्या आणि दोघींचे ठिपके एकमेकांकडे वळवा.

ही कडी म्हणजे एमसीएम. एमसीएम२ ते एमसीएम७ अशा सहा प्रथिनांची ती बनते. एमसीएम२ आणि एमसीएम५ यांच्यामधलं दार उघडतं आणि तिथून डीएनए आत येतो. कडीला धरून आणणारं प्रथिन आहे सीडीटी१. ओआरसीवर आधी सीडीसी६ बसतं, मग सीडीटी१ कडी घेऊन येतं, एटीपीच्या ऊर्जेवर दार बंद होतं आणि सीडीसी६ व सीडीटी१ निघून जातात. मग दुसरी कडी. अशी दुहेरी कडी बनते, हे २००९ मध्ये दोन गटांनी शुद्ध प्रथिनं वापरून दाखवलं.

दोरीकडे नीट बघा. पीळ अजून सुटलेला नाही. लाल आणि पिवळी सुतळी जशा होत्या तशाच एकमेकींत गुंतलेल्या आहेत आणि कड्या त्यांच्याभोवती निवांत आहेत. त्या दोरीवर इकडे तिकडे सरकूही शकतात. बॅक्टेरियात आधी पीळ सुटला होता. इथे यंत्र आधी चढलं आणि पीळ तसाच आहे. यंत्र जागेवर आहे, पण बंद आहे.

या अवस्थेला परवाना मिळणं म्हणतात. शब्द जुना आहे. जुलियन ब्लो आणि रॉन लास्की यांनी १९८८ मध्ये बेडकाच्या अंड्यांच्या अर्कात प्रयोग केले. केंद्रकाचं आवरण शाबूत असेपर्यंत डीएनएची प्रत एकदाच निघत होती. आवरणाला भोकं पाडली की दुसऱ्यांदा निघायची. यावरून त्यांनी सुचवलं की पेशी दुभागताना आवरण विरघळतं तेव्हा ‘परवाना देणारं’ काहीतरी डीएनएपर्यंत पोचतं आणि एका खेपेत वापरून संपतं. तो परवाना म्हणजे दोरीवर चढलेल्या या दोन कड्या.

डाव्या रकान्यात लिहा: सीडीसी६, सीडीटी१, एमसीएम२–७.

पायरी ६: रेघ ओलांडण्याचा निर्णय

इथे फार रेंगाळायची गरज नाही. वाढीचा संदेश आला की सायक्लिन डी तयार होतं, सीडीके४ व सीडीके६ जागे होतात, ते आरबी प्रथिनाला फॉस्फेट लावतात आणि आरबीनं धरून ठेवलेलं ई२एफ सुटतं. ई२एफ सायक्लिन ई आणि प्रत काढायला लागणारी बरीच जनुकं चालू करतं. सायक्लिन ई सीडीके२ ला मिळतं, आरबीवर आणखी फॉस्फेट लागतात आणि गाडी मागे वळत नाही. पॅल्बोसिक्लिबसारखी स्तनाच्या कर्करोगावरची औषधं सीडीके४ व सीडीके६ यांनाच अडवतात, म्हणजे पेशीला या रेघेपाशी थोपवून धरतात.

कागदावर मधल्या रेघेला लागून ‘आरबी, ई२एफ’ लिहा आणि पुढे चला.

पायरी ७: यंत्र सुरू करा

ही पायरी सावकाश करा. सुरू करायला दोन कायनेज लागतात, डीडीके आणि सीडीके. दोघांची कामं वेगळी आहेत.

डीडीके थेट कडीवर काम करतं. ते एमसीएमच्या शेपट्यांना फॉस्फेट लावतं आणि त्यामुळे एसएलडी३ व सीडीसी४५ या प्रथिनांना कडीवर बसायला जागा मिळते. सीडीकेचं काम जोडणी जुळवण्याचं. यीस्टमध्ये ते एसएलडी२ आणि एसएलडी३ या दोन प्रथिनांना फॉस्फेट लावतं. फॉस्फेट लागल्यावरच ही दोन्ही डीपीबी११ ला चिकटतात आणि त्यांच्या मदतीनं गिन्स नावाचं संकुल कडीपर्यंत येतं. सुरुवात करून देण्यासाठी यीस्टमधल्या सीडीकेला या दोघांनाच गाठणं पुरेसं आहे, हे जॉन डिफ्ली आणि हिरोयुकी अराकी यांच्या गटांनी २००७ मध्ये स्वतंत्रपणे दाखवलं. माणसात एसएलडी३ च्या जागी ट्रेस्लिन आणि डीपीबी११ च्या जागी टॉपबीपी१ असतं. गिन्स हे नाव जपानी अंकांवरून आलं आहे: गो, इची, नी, सान, म्हणजे पाच, एक, दोन, तीन. त्याच्या चार घटकांच्या नावांत हेच आकडे आहेत.

सीडीसी४५, एमसीएम आणि गिन्स मिळून सीएमजी तयार होतं. ११ प्रथिनांचं हे खरं चालू हेलिकेज. दुहेरी कडीतून दोन सीएमजी होतात, मग एमसीएम१० येतं आणि पीळ उघडायला लागतो.

आता दोरी. डावी कडी किंचित उघडा आणि लाल सुतळी तिच्यातून बाहेर काढा. कडीत फक्त पिवळी राहू द्या. उजव्या कडीतून पिवळी काढा, लाल राहू द्या. मग डावी कडी उजवीकडे सरकवा आणि उजवी डावीकडे, म्हणजे ठिपका असलेलं तोंड पुढे ठेवून. दोन्ही कड्या एकमेकींना ओलांडून जातील आणि त्यांच्या मागे सुटलेल्या पदरांचा बुडबुडा पडेल. दोन फाटे, दोन दिशा.

आता मुद्दाम चूक करा. लाल सुतळी डाव्या कडीत तशीच ठेवा आणि पुन्हा सरकवून बघा. कड्या एकमेकींवर आदळून जागच्या जागी अडकतील. दोन्ही यंत्रांची तोंडं एकमेकांकडे असल्यामुळे, दोघांनी आपापला एक पदर बाहेर सोडल्याशिवाय कोणीच पुढे जाऊ शकत नाही. एकच यंत्र अर्धवट तयार झालं आणि एकटंच निघून गेलं, हे इथे सहसा घडू शकत नाही. हा भाग पहिल्यांदा कळला तेव्हा मी बराच वेळ दोरी हातात धरून बसलो होतो.

दोरी हातात आहे तोवर आणखी एक पाहून घ्या. मधले पदर ताणून बुडबुडा मोठा करा. दोन्ही बाजूंचा पीळ आवळत जातो आणि शेवटी दोरीला गाठी पडायला लागतात, कारण टोकं बांधलेली आहेत. डीएनएत साडेदहा जोड्यांमागे एक वेढा असतो. ई. कोलायच्या वेगानं जाणाऱ्या फाट्यापुढे सेकंदाला ९० हून जास्त वेढे साचतात. ते मोकळे करण्यासाठी टोपोआयसोमरेज एखादा पदर कापतं, फिरू देतं आणि परत जोडतं. हे नसेल तर फाटा थोड्याच अंतरात थबकेल.

उजव्या रकान्यात लिहा: डीडीके, सीडीके, सीडीसी४५, गिन्स, एमसीएम१०.

२०१५ मध्ये डिफ्लींच्या गटानं यीस्टची शुद्ध केलेली १६ प्रथिनं आणि संकुलं परीक्षानळीत एकत्र करून ही सगळी सुरुवात घडवून दाखवली. कागदावरची यादी अपुरी नाही, याची याहून चांगली खात्री मिळणं अवघड.

पायरी ८: पहिलं अक्षर

पॉलिमरेज कोऱ्या पदरावर पहिलं अक्षर लिहू शकत नाही. त्याला पुढे जोडायला आधीचं टोक लागतं. ते टोक पॉलिमरेज अल्फा-प्रायमेज देतं. आधी आरएनएची साधारण १० अक्षरं, मग त्यालाच जोडून डीएनएची आणखी २० च्या आसपास. त्यानंतर आरएफसी हे प्रथिन पीसीएनए नावाची सरकती कडी चढवतं. सलग पदरावर पॉलिमरेज एप्सिलॉन आणि तुटक पदरावर पॉलिमरेज डेल्टा काम करतं. इथून पुढे पुस्तकातलं ओळखीचं चित्र सुरू होतं.

पायरी ९: डावा रकाना बंद करा

कड्या फाट्यांबरोबर निघून गेल्या. ओरिजिनची जागा आता रिकामी आहे आणि ओआरसी पुन्हा तिथे बसू शकतं. मग पेशी तिथे नवी कडी का चढवत नाही?

कारण चढवणारी माणसंच कामावरून काढलेली असतात. यीस्टमध्ये हे काम सीडीके स्वतः करतं: सीडीसी६ ला फॉस्फेट लावून नष्ट करवतं, फाट्यांवर नसलेल्या एमसीएमची केंद्रकाबाहेर रवानगी करतं आणि ओआरसीलाही फॉस्फेट लावतं. माणसात मुख्य लक्ष्य सीडीटी१. एस टप्प्यात ते फाट्यावरच्या पीसीएनएशी जोडलं गेलं की तिथेच त्याच्यावर विल्हेवाटीची खूण लागते. म्हणजे प्रत निघते आहे हीच गोष्ट सीडीटी१ च्या नाशाला कारण होते. उरलंसुरलं सीडीटी१ जेमिनिन नावाचं प्रथिन धरून ठेवतं. दुभागणीच्या शेवटी एपीसी जागं होतं, जेमिनिन नष्ट होतं, सीडीके खाली येतं आणि डावा रकाना पुन्हा उघडतो.

एवढी कुलुपं का, असा प्रश्न पडतो. पायरी १ मधली ‘फक्त एकदाच’ ही अट हजारो जागांसाठी पाळायची आहे. एका कुलुपात थोडी गळती असली तरी हजारोंत काही जागा निसटतीलच. तीन-चार स्वतंत्र कुलुपं एकावर एक असली की निसटण्याची शक्यता गुणाकारानं घटत जाते.

कागदाच्या उजव्या कडेला ‘जेमिनिन’ लिहा आणि त्यापासून डावीकडच्या सीडीटी१ कडे फुली मारलेला बाण काढा.

पायरी १०: सगळी ओरिजिनं एकदम सुरू होत नाहीत

पेशी गरजेपेक्षा खूप जास्त जागांवर कड्या चढवून ठेवते आणि त्यांतल्या थोड्याच वापरते. उघड्या क्रोमॅटिनमधली ओरिजिनं लवकर सुरू होतात, घट्ट गुंडाळलेल्या भागातली उशिरा. बाकीच्या जागांवरून शेजारचा फाटा येऊन जातो आणि तिथल्या कड्या न वापरताच निघून पडतात.

मग त्या चढवल्या कशाला? एखादे दोन समोरासमोरचे फाटे वाटेत अडकले, तर मधला पट्टा प्रत न काढताच राहील. नवी कडी तर एस टप्प्यात चढवता येत नाही, डावा रकाना बंद आहे. अशा वेळी त्या पट्ट्यात आधीच चढून बसलेली राखीव कडी सुरू होते आणि काम पुरं करते. ‘सगळा डीएनए’ ही अर्धी अट या राखीव कड्या सांभाळतात.

अंतर किती लवचीक असू शकतं हे फळमाशीच्या अगदी कोवळ्या भ्रूणात दिसतं. तिथे ओरिजिनं इतकी जवळजवळ वापरली जातात की सगळ्या डीएनएची प्रत ३ ते ४ मिनिटांत निघते. फाट्यांचा वेग तेवढाच, फक्त सुरुवातीच्या जागा दाट.

पायरी ११: प्रयोगातली चित्रं वाचायला शिका

डीएनएच्या धाग्यांचे रंगीत फोटो शोधनिबंधांत दिसतात. पेशींना आधी २० मिनिटं थायमिडीनसारखा एक पदार्थ देतात, मग २० मिनिटं दुसरा. डीएनए काचेवर सरळ ताणून पहिला पदार्थ लाल आणि दुसरा हिरवा रंगवतात. वाचायची रीत अशी: एका बाजूला लाल आणि पुढे हिरवा असेल तर तो चालता फाटा. मध्ये लाल आणि दोन्ही बाजूंना हिरवा असेल तर त्या लाल पट्ट्यात पहिल्या २० मिनिटांत ओरिजिन सुरू झालं. नुसता हिरवा असेल तर बहुधा ओरिजिन दुसऱ्या २० मिनिटांत सुरू झालं. दोन्ही बाजूंना लाल आणि मध्ये हिरवा असेल तर दोन फाटे येऊन भेटले. वेग काढायचा तर पट्टी लावा. कोम्बिंग या पद्धतीत १ मायक्रॉन म्हणजे सुमारे २,००० जोड्या. हिरवा पट्टा १५ मायक्रॉनचा आला, तर २० मिनिटांत ३०,००० जोड्या, म्हणजे मिनिटाला १,५००.

पायरी १२: एकेक भाग पुसून पाहा

आता कागद हाताशी ठेवून एकेक नाव खोडरबरानं पुसा आणि काय होईल ते आधी स्वतः लिहा, मग पुढचं वाचा.

जी१ सुरू होण्याआधीच सीडीसी६ पुसा. कड्या चढणार नाहीत. यीस्टमध्ये अशी पेशी प्रत न काढताच दुभागायला निघते. तेच सीडीसी६ सगळ्या कड्या चढून एस सुरू झाल्यावर पुसलं, तर त्या खेपेला फरक पडत नाही. त्याचं काम झालेलं असतं. एकाच प्रथिनाची दोन उत्तरं वेळेवरून ठरतात.

डीडीके पुसा. कड्या दोरीवर चढलेल्या, सीडीके वर, तरी कड्या बंदच.

जी१ मध्येच सीडीके जबरदस्तीनं वर नेऊन ठेवा. पुष्कळ जण ‘लवकर सुरू होईल’ असं उत्तर देतात. रेषा वर असताना डावा रकाना बंद असतो, त्यामुळे पुरेशा कड्या चढतच नाहीत.

जेमिनिन पुसा. कर्करोगाच्या बऱ्याच पेशींत असं केलं की काही भागांची प्रत पुन्हापुन्हा निघते आणि डीएनएचं प्रमाण दुपटीच्याही वर जातं.

एमसीएमचं प्रमाण निम्मं करा. एरवी पेशी ठीक दिसते. पण हायड्रॉक्सियुरिया देऊन फाटे मंद केले की ती टिकाव धरत नाही, कारण राखीव कड्या नाहीत.

शेवटचं कोडं माणसातलं. मायर-गोर्लिन सिंड्रोम या दुर्मीळ आजारात मूल ठेंगणं राहतं, कान लहान असतात, गुडघ्याच्या वाट्या लहान असतात किंवा नसतातच. २०११ मध्ये त्याच्याशी जोडली गेलेली जनुकं होती ओआरसी१, ओआरसी४, ओआरसी६, सीडीटी१ आणि सीडीसी६. ही पाचही नावं कागदावर शोधा (पहिली तीन ओआरसीच्याच भागांची). सगळी डाव्या रकान्यात आहेत. कड्या कमी चढतात, पेशी दुभागायला वेळ लावतात, शरीरात पेशीच कमी तयार होतात.

नंतर याच आजाराच्या काही मुलांत जेमिनिनच्या जनुकात बिघाड सापडला. जेमिनिन तर कडी चढू न देणारं प्रथिन. ते बिघडलं तर कड्या जास्त चढायला हव्यात, मग आजार तोच कसा? कागदावरचा फुली मारलेला बाण पाहा आणि एपीसीचं काम आठवा. त्या मुलांत जेमिनिनचा जो तुकडा एपीसीला ‘मला नष्ट कर’ असं सांगतो, तोच गेलेला असतो. जेमिनिन जी१ मध्येही टिकून राहतं, सीडीटी१ ला सोडत नाही, आणि डावा रकाना उघडण्याच्या वेळीही अर्धा बंदच राहतो.